श्वासापुरती ढील

१

मास्तरणीने उभ्या जन्मात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. नवरा टेलरमास्तर, म्हणून ती मास्तरीण. दुकानाच्या पाटीवर नाव नवऱ्याचं असलं तरी कात्री बायकोच्या हातात असते हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, आणि नवराही ते मोकळेपणी कबूल करायचा. "मी नुसता टेप गळ्यात घालून उभा असतो," म्हणायचा. "कापते ती. माझे पंखसुद्धा तिनेच कापलेत." तो गेल्यावर टेप तिच्या गळ्यात आली, दुकान चालू राहिलं, आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहू लागली.

या एकटेपणावरूनच घरात वाद होता. मागच्या वर्षी ती जिन्यावरून घसरली, डावं मनगट मोडलं, आणि तेव्हापासून मुलाने धोशा लावला: दुकान विकू, वरच्या खोल्या विकू, तू आमच्याकडे ये. त्याने घेणारा बघून ठेवला होता, कागद तयार करून ठेवले होते. आईच्या तोंडून एक 'हो' यायचं बाकी होतं आणि ते काही येत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं सूनबाई हळूच म्हणायची. ते अगदीच खोटं नव्हतं.

शेवटी मास्तरणीनेच पैज लावली.

"परक्या शहरात आठवडाभर एकटी राहून येते. सोबत नको, मदत नको. धड परत आले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. घाबरले, हरवले, काही भलतंच झालं, तर तू म्हणशील तिथे अंगठा उठवते."

"सही येते गं तुला, अंगठा कसला," मुलगा म्हणाला. पण कबूल झाला. रोज संध्याकाळी फोन करायचा एवढी एकच अट त्याने घातली.

नातीने एक जाडजूड वही दिली. "आजी, रोज काय काय बघितलंस ते लिही. आल्यावर मी वाचणार. आणि खोटं लिहायचं नाही हं."

"मी कशाला खोटं लिहू?" मास्तरीण म्हणाली. तेव्हा ते खरंच होतं.

२

"शहर बरं आहे," तिने पहिल्या दिवशी लिहिलं. "मधून नदी जाते, तिच्यावर दगडी पूल आहे, पुलाला चढायला पायऱ्या. लोक सावकाश चालतात. कपडे महागाचे घालतात, पण खांद्यात एकाचेही बसत नाहीत. तयार मालाला सोकावलेत सगळे. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, लांबडं कपाट, खिडकी. घरमालकीण सकाळी चहा, पाव आणि अंडं देते आणि दिवसभर स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलत असते. माझ्याशी फारशी बोलत नाही. मीही बोलत नाही. बरं चाललंय."

खरोखर बरं चाललं होतं. कुणाच्या वेळा सांभाळायच्या नव्हत्या. वाटेल तिथे बसावं, वाटेल तेव्हा उठावं. बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाठी बघाव्यात, कुणाची कॉलर उचलली आहे, कुणाची बाही फिरली आहे ते मनातल्या मनात दुरुस्त करावं. आपल्याला हे इतकं आवडेल असं तिलाही वाटलं नव्हतं. नवरा असता तर त्याला खिजवलं असतं, असं एकदा मनात आलं, आणि डोळे भरून आले.

चौथ्या दिवशी पुलापलीकडे तिला एक अरुंद गल्ली दिसली. एक घड्याळं दुरुस्त करणारा, एक किल्ल्या बनवणारा, आणि त्यांच्या पुढे एक शिवणकामाचं दुकान. त्याच्यावर पाटी नव्हती. परक्या गावात गेलेला न्हावी न्हाव्याच्या दुकानात डोकावल्याशिवाय पुढे जाणार नाही, तशी मास्तरीण त्या काचेपुढे थांबली. आत बिनडोक्याचा पुतळा होता आणि त्याच्यावर बायकी बेताचा लांब कोट, राखाडी लोकरीचा, अजून कच्च्या टाक्यांवर उभा. पांढरे दोरे वरून दिसत होते. बाह्या जोडायच्या होत्या.

"कापलंय छान," ती पुटपुटली. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली घेतला होता. म्हणजे गिऱ्हाईक मशीनवर बसणारं असणार, वर्षानुवर्षं उजवा हात चाकावर. मानेमागे थोडी जागा सोडली होती, वाकून काम करणाऱ्यांना तिथे उंचवटा येतो म्हणून. कोण असेल बिचारी, असं म्हणून ती हसली. चला, आपल्या जातीची कुणीतरी इथेही आहे.

काहीतरी मात्र खटकलं. काय ते कळेना. कोट देखणा होता, पण डोळा त्याच्यावर ठरत नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी बाह्या लागल्या होत्या.

डावी बाही उजवीपेक्षा जरा आखूड होती आणि मनगटाशी बाहेरच्या अंगाला वळवलेली. मास्तरणीने आपला डावा हात काचेपुढे धरला. हाड जुळलं होतं खरं, पण थोडं वाकडं जुळलं होतं, आणि तिच्या स्वतःच्या कोटाची बाही तिने तशीच वळवून घेतली होती.

मोडलेली मनगटं जगात काय कमी आहेत, असं तिने स्वतःला बजावलं. मशीनवर बसणाऱ्या बायका म्हाताऱ्या होतात, घसरतात, पडतात. एकीसारखी दुसरी असते. शिंप्याला हे सांगायला नको. सगळी माणसं पाच-सहा साच्यांत बसतात, असं तीच गिऱ्हाइकांना ऐकवायची.

मग तिचं लक्ष पुतळ्याकडे गेलं. अवघड अंगाच्या गिऱ्हाइकाचा कपडा असला की शिंपी पुतळ्याला कापूस बांधून त्या माणसाच्या अंगाचा करतात. कुठे पोट वाढवायचं, कुठे पाठ. या पुतळ्यालाही तसा कापूस गुंडाळला होता आणि कोटाचं पुढचं पान उघडं होतं, त्यामुळे तो दिसत होता. डाव्या बरगडीखाली मात्र कापूस काढून घेतला होता. तळहाताएवढा खळगा केला होता आणि कडेने बारीक टाके घालून तो पक्का केला होता.

मास्तरणीचा हात आपोआप तिथे गेला.

तरुणपणी तिची तिथे शस्त्रक्रिया झाली होती. बरगडीचा तुकडा काढला होता. तो खळगा डॉक्टरने पाहिला होता आणि नवऱ्याने. मुलालाही तो माहीत नव्हता. स्वतःच्या प्रत्येक कपड्यात ती तिथे आतून कापडाची घडी भरून टाकायची, वरून काही दिसू नये म्हणून. डॉक्टर केव्हाच गेला होता, नवरा गेला होता.

काचेपलीकडे अंधारात कुणीतरी कात्री चालवत होतं. लांब, सावकाश, न थांबता. कापड चांगलं असलं की कात्रीचा आवाज असाच येतो. एरवी तिला तो फार आवडायचा.

४

"आज पुन्हा पुलावर गेले," तिने खोलीत येऊन लिहिलं. "पुलाखालून नावा जातात. एक बाई कुत्र्याला स्वेटर घालून फिरवत होती. कुत्र्याच्या मापाचा होता, मालकिणीचा नव्हता." मग पेन थांबलं. नात वाचणार, मग सून वाचणार, मग मुलगा. झाकली मूठ सव्वा लाखाची. "दुपारी बाजारातून सावकाश परत आले," असं लिहून तिने वही मिटली.

संध्याकाळी फोन केला. मशीनवर दोन्ही हात गुंतलेले असायचे, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर लावून समोर ठेवायची तिला सवय होती. इथे मशीन नव्हतं, पण सवय होती.

"काय म्हणतंय शहर?" मुलाचा आवाज खोलीभर झाला.

"मजेत."

"आवाज का असा येतोय?"

"कसा?"

"आखडल्यासारखा. आई, काही झालंय का? खरं सांग."

सांगावं असं तिला फार वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. अरे, इथे एका दुकानात माझं अंग टांगलंय. पण सांगून तो काय म्हणाला असता? काही म्हणाला नसता. गप्प बसला असता, मग हळूच म्हणाला असता, "आई, मी येतो न्यायला." आणि ते कागद. दुकान, वरच्या खोल्या, खिडकीतलं मशीन, नवऱ्याने भिंतीवर पेन्सिलीने केलेले हिशेब, सगळं त्या एका गप्प बसण्यात गेलं असतं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "पुलाच्या पायऱ्या फार आहेत. दमले."

"हट्टी आहेस."

"तुझीच आई."

फोन ठेवल्यावर तिने कपाटाच्या आरशापुढे उभं राहून स्वतःला नीट पाहिलं. उजवा खांदा खाली. मानेवर उंचवटा. मन चिंती ते वैरी न चिंती, ती आरशाला म्हणाली. म्हातारपणी प्रत्येक सावलीत आपलीच सावली दिसते. उद्या त्या गल्लीत जायचंच नाही, की प्रश्न मिटला.

५

आणि गेलीही नाही. सबंध दिवस तिने संग्रहालयात काढला. उंच छताचं, थंड, पावलांचे आवाज करणारं संग्रहालय होतं. जुनी भांडी, जुनी शस्त्रं, राजेराण्यांची चित्रं. चित्रांतल्या कपड्यांच्या शिवणी ती बघत राहिली. चित्रकाराला शिवण कळत नव्हती, असं तिने वहीत लिहिलं.

दुपारी एका दालनात ती पाय मोकळे सोडून बसली. समोर पहारेकरी खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. त्याचा कोट त्याच्या श्वासाबरोबर वर येत होता आणि खाली जात होता. वर आला की मधलं बटण ताणलं जायचं, खाली गेला की बटणापाशी सुरकुती पडायची. ताण, सुरकुती. ताण, सुरकुती. मास्तरीण कौतुकाने बघत होती, आणि बघता बघता तिला एकदम कळलं.

काचेमागच्या कोटात काय खटकतं ते कळलं.

त्याला श्वासापुरती ढील नव्हती.

प्रत्येक कपड्याला ती ठेवावी लागते. अंगाचं माप घ्यायचं आणि त्यात माणसाच्या श्वासाचं वाढवायचं, नाहीतर कपडा अंगावर चढतो पण माणूस त्यात जगू शकत नाही. शिकाऊ पोरालाही हे पहिल्या दिवशी सांगतात. त्या कोटाचं बाकी सगळं माप अचूक होतं, खांदा, मनगट, खळगासुद्धा. छातीला मात्र तो कातड्यासारखा बेतला होता.

आता खरं तर तिने घाबरायला हवं होतं. घाबरलीही. पण भीतीच्या खालून एक दुसरीच गोष्ट वर येऊ लागली, आणि ती होती चीड. एवढं सुंदर कापलेलं कापड आणि छातीत ही चूक? हे कुणी शिकवलं याला? तिने स्वतःला समजावलं की आपण फक्त विचारायला चाललोय. माणूस भेटला, दोन शब्द बोलला, की सगळ्याचा उलगडा होईल, मनावरचं मळभ जाईल. अशी समजूत काढत ती संग्रहालयाच्या पायऱ्या उतरली आणि ऊन कलायच्या आत त्या गल्लीत शिरली.

६

दार ढकलल्यावर घंटा वाजली नाही. आत इस्त्रीचा ओलसर वास होता, अगदी तिच्या दुकानातल्यासारखा. कारागीर लांब टेबलापाशी बसून काज करत होता. मध्यम वयाचा, सभ्य चेहऱ्याचा माणूस, विसरायला सोपा असा.

"या, बाई," तो मान वर न करता म्हणाला.

"हा कोट कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"गिऱ्हाईक कुठाय?"

"माप आलंय."

"माप आलंय म्हणजे? कुणी आणून दिलं?"

"मापं येतात, आम्ही शिवतो. तुम्ही तरी काय वेगळं करता?"

"मी शिवते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने सुईने तिच्या मधल्या बोटाकडे दाखवलं. अंगुस्तानाचा, शिवताना बोटात घालायच्या टोपीचा, घट्टा होता तिथे. बरोबर आहे, तिने मनाला सांगितलं, कुणालाही कळेल. एवढ्याशा गोष्टीने तिला बराच धीर आला. धीर आला तशी चीडही परत आली.

"मग शिंप्याला शिंपी म्हणून विचारते. हा असा कोट घालून माणूस श्वास कसा घेणार हो?"

कारागिराचा हात थांबला. पहिल्यांदाच त्याने वर पाहिलं.

"तिथेच तर अडलंय," तो म्हणाला. बटण कोणतं लावावं याबद्दल बोलावं, इतक्या साधेपणाने. "बाकीची मापं घेता येतात. श्वासाचं ज्याचं त्यानेच द्यायचं असतं."

त्याच क्षणी निघून जायला हवं होतं. दार मागेच होतं, उघडं होतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. चुकीची शिवण डोळ्यांसमोर आली की मास्तरणीच्या बोटांना चैन पडत नसे. लग्नाच्या पंगतीत बसून तिने शेजारणीची बाही उसवून दिलेली आहे. तिने टेबलावरचं ब्लेड उचललं, पुतळ्याजवळ गेली आणि कोटाच्या कुशीची शिवण पाहिली. आत भरपूर माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडली होती, दोन-दोन बोटं, तिचीच पद्धत. "कापडाला माया ठेवतेस, आम्हाला नाही," असं नवरा म्हणायचा. एवढी माया आत असताना कोट आवळून कशाला ठेवायचा? तिने एका बाजूचा दोरा सर्रकन ओढला.

"किती सोडू?" तिने अर्धवट स्वतःलाच विचारलं.

"तुम्हाला किती लागते?" कारागीर म्हणाला.

आणि सवयीने, काही विचार न करता, तिने गळ्यात नसलेली टेप टेबलावरून घेतली, आपल्या छातीभोवती फिरवली, पोटापासून भरपूर श्वास घेतला, सोडला, आणि टेपवर नख रोवून त्याला दाखवलं.

"एवढी."

कारागिराने मान हलवली. लिहून काही घेतलं नाही.

मग ती कामाला लागली. दोन्ही कुशी सोडल्या, नव्याने कच्चे टाके घातले, पुढचं पान जुळवून बटणाच्या जागी टाचणी लावली. हात झरझर चालत होते. किती दिवसांनी! मोडलेलं मनगटही कुरकुरत नव्हतं. ती गुणगुणतसुद्धा होती. शेवटी नेहमीची परीक्षा बाकी होती. कोट आणि छाती यांच्यामध्ये तळवा आडवा सरकवायचा. अलगद गेला तर ढील बरोबर.

तळवा अलगद गेला.

मग तो दाबला गेला. आतून, कापसाच्या बाजूने, हळूहळू, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवला तर दाबला जाईल तसा. आणि मग सुटला.

मास्तरणीने हात ओढून घेतला. तिला खरचटलंही, टाचणीने. पुतळा जिथल्या तिथे होता. मधल्या टाचणीपाशी कोटाला एक बारीक सुरकुती पडली होती.

"जमलं," कारागीर म्हणाला आणि पुन्हा काजाकडे वळला.

७

सकाळी काच रिकामी होती. कोट नव्हता, पुतळाही नव्हता, दार बंद होतं. घड्याळवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "असंच असतं त्यांचं, काम झालं की बंद." मास्तरणीला रडू येईल इतकं हलकं वाटलं. गिऱ्हाईक आलं, कोट घेऊन गेलं. होती कुणीतरी बिचारी तिच्यासारखी, नसायला काय झालं? हाताला जे वाटलं ते वाटलं. दिवसभर उपाशी होतो आपण.

"आज शहर फार छान दिसतंय," तिने बाकावर बसून लिहिलं. "उद्या निघणार. आजीने पैज जिंकली म्हणून सगळ्यांना सांग."

पुलाच्या पायऱ्या चढताना तिला दम लागला. एरवी ती न थांबता चढायची. आज मधेच कठड्याला धरून उभं राहावं लागलं. कोट छातीत आवळत होता. पाव-अंडी मानवली म्हणायची, असं म्हणत तिने बटणं काढली. कोट उघडला तरी आवळ गेला नाही.

खोलीवर येऊन तिने कोट उतरवला, पलंगावर पसरला आणि कुशीचं अस्तर उसवलं. बोटभर सोडू, परतीच्या प्रवासाला बरं पडेल. स्वतः शिवलेला कोट होता, आत दोन बोटं माया ठेवलेली तिला पक्की आठवत होती.

आत माया नव्हती. शिवणीला लागून कापड संपलेलं होतं, कडेचे धागे सुटलेले. कात्रीने कापलेलं नव्हतं ते. तिथे जणू कधी काही नव्हतंच.

मास्तरीण पलंगावर बसली. श्वास घ्यायला गेली की तो अर्ध्यावर अडायचा. वर जागाच नसल्यासारखा. टेबलावर फोन होता. मुलाला फोन करावा, म्हणावं, ये मला न्यायला. पण त्याचा अर्थ 'हो' असा होणार होता. एक रात्र, तिने ठरवलं. एक रात्र दात-ओठ खाऊन काढायची, सकाळी गाडीत बसायचं, आपल्या मशीनपाशी जाऊन बसायचं. तिथे गेलं की सगळं सुटेल. तिने फोन चार्जिंगला लावला, शाल पांघरली आणि मोकळ्या हवेसाठी पुन्हा नदीकाठी गेली.

८

बाकावरून पूल दिसत होता. कामावरून सुटलेली माणसं घरी चालली होती आणि ती सवयीने त्यांच्या पाठी बघत होती. त्या पाठींमध्ये एक राखाडी पाठ होती.

पहिल्यांदा तिने शिवण ओळखली. कुशीला तिचे स्वतःचे टाके होते, आता पक्के झालेले. मग खाली गेलेला उजवा खांदा. बाई पुलाच्या पायऱ्या चढत होती, डावा हात किंचित बाहेर वळवून, न थांबता, एका दमात, मास्तरीण कालपर्यंत चढायची तशी. चेहरा पलीकडे होता. वर पोचल्यावर ती क्षणभर उभी राहिली आणि तिची पाठ फुगली, छान भरपूर फुगली, आणि खाली बसली. कोट कुठेही ओढला गेला नाही. इतका सुरेख बसलेला कोट मास्तरणीने त्या शहरात पाहिला नव्हता.

बाई मास्तरीण उतरली होती त्या घराच्या दिशेने वळली.

मास्तरीण उठली. पळणं शक्यच नव्हतं. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. पायऱ्यांवर तर ती हात टेकून चढली. कुणीतरी विचारलं, "आजी, बरं नाही का?" तिने मान हलवली. बोलायला लागणारा श्वास तिने पायांसाठी राखून ठेवला होता. मनात एकच गोष्ट धडधडत होती: आज संध्याकाळचा फोन अजून व्हायचा आहे.

घराचं दार उघडंच होतं. घरमालकीण स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून काहीतरी परतत होती. पावलं ऐकून तिने मागे न बघताच हाक मारली.

"पुन्हा खाली आलात का, ताई? अहो, नवा कोट काय शोभतोय तुम्हाला! आणि बरं झालं बाई, आज दोन शब्द बोललात तरी. मला वाटायचं तुम्ही घुम्याच आहात."

मास्तरीण भिंत धरून जिना चढली. खोलीची किल्ली तिच्या मुठीत होती. किल्ली फिरली, पण दार उघडेना. आतून कडी होती. आत फोन लागत होता, स्पीकरवर. तिचा श्वास दारापाशी संपला आणि ती दाराला टेकून उभी राहिली.

"आई?" मुलाचा आवाज.

"हां, बाळा." आवाज तिचा होता. पण आखडलेला नव्हता, चिरकलेला नव्हता. पोटातून येणारा, ऐसपैस आवाज. "ऐक, मी दमले रे आता. नाही होत एकटीने. तू म्हणतोस तेच खरं. विकून टाक."

मुलगा सावकाश म्हणाला, "आई, खरं म्हणतेस? दुकान? वरच्या खोल्या?"

"हो."

किती सहज म्हणाली ती. गेलं वर्षभर मास्तरणीने दातांमागे अडवून धरलेलं ते एक अक्षर, तिने असं उच्छ्वासाबरोबर सोडून दिलं. बाळा, ती मी नाही. मास्तरणीने तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, आवाजापुरती हवा मात्र आत कुठेच नव्हती. तिने मूठ वळली आणि दारावर आपटली. पुन्हा आपटली. मोडलेल्या मनगटातून कळ गेली तरी आपटत राहिली.

"दारावर कोण आहे गं?" मुलाने विचारलं.

आत कुणीतरी वळल्याची लोकरीची सळसळ झाली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या फळीपलीकडे, अगदी तिच्या कानाशी, एक लांब श्वास घेतला गेला.

"कुणी नाही, बाळा," ती म्हणाली. "मी एकटीच आहे इथे."

"मग मी येतो उद्या न्यायला." मुलगा हसत होता. "आई, खरं सांगू? किती वर्षांनी तुझा आवाज असा मोकळा ऐकला."